आधी पाय दाखव

मोकल सिस्टर माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत. आधी पाय. दवाखान्याच्या दारातून कुणी आत आलं की त्यांची नजर खाली जायची, चपलांवरून, नखांवरून, घोट्यांवरून फिरायची आणि मग सावकाश वर यायची. नवख्या माणसाला वाटायचं, बाई लाजाळू आहेत. लाजाळू कसल्या, सबंध पेणमध्ये त्यांच्याइतकी निर्भीड बाई मी पाहिली नाही.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती नोकरी मागायला गेले त्या दिवशी. रामवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या डॉक्टरांचा बारा खाटांचा दवाखाना आहे. तिथे कंप्युटरवर बसायला मुलगी हवी होती. मी नवी चप्पल घालून, प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरून बाकावर बसले होते. समोरून पांढऱ्या साडीतल्या एक ठेंगण्या, रुंद बाई ड्रेसिंगचा ट्रे घेऊन गेल्या, चार पावलं पुढे जाऊन थांबल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, "चप्पल काढ बघू." मी म्हटलं, मी पेशंट नाही, मुलाखतीला आले आहे. "असूदे. काढ गो." टाचेवरचा फोड फुटून चपलेच्या पट्ट्याला रक्त लागलं होतं. ती चप्पल मला घरापासून चावत होती, पण मुलाखतीला लंगडत कसं जायचं म्हणून मी दात आवळून सरळ चालत आले होते. त्यांनी तिथेच माझा पाय मांडीवर घेतला, पुसला, पट्टी लावली. मग विचारलं, "मी नुसतं विचारलं असतं, काय होतंय, तर काय सांगितलं असतंस?" मी म्हटलं, काही नाही म्हणाले असते. त्या उठल्या आणि ट्रे उचलत म्हणाल्या, "तेच. तोंड बरं हायच सांगतं. म्हणून मी तोंडाला विचारतच नाय."

नोकरी मला मिळाली. पट्टी लावलेल्या टाचेमुळे मिळाली असं त्या पुढे कितीतरी दिवस चिडवत.

त्यांचं नाव सुनंदा. रोह्याच्या राहणाऱ्या, भावाच्या घरात पुढच्या एका खोलीत. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं, त्यापलीकडे त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत. सकाळच्या गाडीने पेणला यायच्या, संध्याकाळच्या गाडीने परत. मधुमेही माणसांच्या पायांच्या जखमा हे त्यांचं खास काम. आमच्याकडे असे पेशंट पुष्कळ येत. भातखाचरात आणि मिठागरात अनवाणी आयुष्य काढलेली माणसं, तळपाय दगडासारखे झालेले, त्यात साखर वाढून पायांची संवेदना गेलेली. काटा घुसला तरी कळत नाही. जखम आत आत जाते आणि माणूस वर हसत बसलेला असतो. सिस्टर म्हणायच्या, दुखतं त्याची मला भीती नाय वाटत, न दुखणाऱ्याची वाटते.

असा पेशंट घरी सोडला की त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. त्या केसपेपरवरचा पत्ता पाहायच्या आणि विचारायच्या, घरात दुपारी कोण असतं? बोटं कोण धुतं? संडासला लांब जावं लागतं का? मग आठवड्यातून दोनदा, ड्यूटी लवकर संपवून, रोह्याला परत जाताना वाटेत कुठेतरी उतरायच्या. बहुतेकदा कासूला. तिथून खाडीच्या अंगाच्या गावांत कधी रिक्षाने, कधी कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून, कधी बांधावरून चालत. आमच्या मार्गावर गाड्या मोजक्या. एक सोडली की पुढच्या गाडीची वाट पाहत स्टेशनवर बसून राहायचं. सिस्टर बसायच्या. पिशवीत टॉर्च, कापूस, एक लहान आरसा आणि चणे. आरसा तळपाय दाखवायला. म्हाताऱ्या माणसाला वाकून स्वतःचा तळवा दिसत नाही, म्हणून त्या आरसा खाली धरून दाखवायच्या, "बघ, हा तुझाच पाय. वळखतोस का?"

आणि मग मी मेसेज आणला.

आणला म्हणजे माझी कल्पना नव्हती. डॉक्टर कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि त्यानंतर एका कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला. घरी सोडलेल्या प्रत्येक पेशंटचा मोबाईल नंबर कंप्युटरात टाकायचा. तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्याला आपोआप मेसेज जाणार. उत्तर आलं की माझ्या स्क्रीनवर त्याच्या नावाची ओळ हिरवी किंवा लाल होणार. लाल झाली की आपण फोन करायचा, बोलावून घ्यायचं. मेसेजचा मजकूर मात्र मी लिहिला. डॉक्टरांनी सांगितलं, सोपा लिही. मी तीनदा खोडून लिहिला: "नमस्कार. आपली तब्येत कशी आहे? ठीक असल्यास 1 पाठवा. त्रास असल्यास 2 पाठवा." इतकं सुटसुटीत आपल्याला जमलं याचा मला अभिमान वाटला होता. आज तो मजकूर वाचवत नाही.

मेसेजचा उपयोग झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. वडखळच्या एका बाईने सिझेरियननंतर तिसऱ्या दिवशी दोन पाठवला आणि टाका पिकायच्या आत ती आमच्या टेबलावर होती. पुढची तारीख विसरणारे लोक वेळेवर येऊ लागले. डॉक्टर खूश. त्यांनी पाहुण्या डॉक्टरांना माझा स्क्रीन दाखवला. आणि एके दिवशी सिस्टरना केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आता दुपारी गावोगाव जायची गरज नाही, वॉर्डमध्ये माणूस कमी पडतं, ओळ लाल झाली तरच जा. डॉक्टर वाईट माणूस नाहीत. बारा खाटा आणि दोन सिस्टर यांचं गणित त्यांना रोज सोडवावं लागत होतं, इतकंच.

सिस्टर बाहेर आल्या आणि माझ्या टेबलाशी उभ्या राहून स्क्रीन पाहू लागल्या. वरपासून खालपर्यंत हिरव्या ओळी. म्हणाल्या, "सगळीच बरी हायेत?" मी म्हटलं, हो, बघा ना. त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. नागोठण्याकडचे एक आजोबा. "हा बरा कसा असंल? पाय टेकू नको म्हणून वरडून वरडून मी ह्याला परवा घरी पाठवलाय." दुसऱ्या दिवशी आजोबा आले, पाय सुजून फुगलेला. मी जरा तोऱ्यातच विचारलं, आजोबा, एक का पाठवलात? ते म्हणाले, तुम्ही एवढी आठवण ठेवून विचारपूस केलीत, बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं कळवायला नको? मी हसले. दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं, सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी आजोबांचा पाय मांडीवर घेतला आणि मला म्हणाल्या, "सुजाता, कसं हाय असं विचारलं की आपल्याकडं लोक काय सांगतात? बरं हाय सांगतात. सुतकाच्या घरात विचार, तरी बरं हायच सांगतील. ते उत्तर नाय, तो नमस्कार हाय. तू नमस्कार गोळा करतेस."

हे मला चांगलं आठवतं, कारण मला राग आला होता. मी मनात म्हटलं, बाईंना नवीन काही नको असतं. मजकूर बदलावा असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

त्या पावसाळ्याच्या शेवटी शेवटी हिराबाय आली. कासूपलीकडच्या, खाडीकाठच्या एका गावातली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मिठागरावर काम करून तिने एकुलता मुलगा वाढवला, दिनेश. तो रोह्याला एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्टमध्ये कामाला, बायकोबरोबर तिथेच एका खोलीत राहायचा. हिराबाय गावात एकटी. उजव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट काळं पडलं म्हणून ते काढावं लागलं. आठ दिवस ती आमच्याकडे होती आणि आठ दिवसांत तिने सगळ्या वॉर्डला आपलंसं केलं. तिला विचारलं की एकच उत्तर, "मना काय झाला? बरी हाय." बोट काढल्यावर भूल उतरत असतानासुद्धा ती हेच म्हणाली होती. सिस्टर तिला दम द्यायच्या, "तू गप. तुझा पाय बोलंल." दोघींचं फार जमलं. घरी सोडताना सिस्टरनी तिला पट्टी बदलायला शिकवलं, पाय कोरडा ठेवायला सांगितलं आणि आपल्या पिशवीतला तो लहान आरसा तिच्या हातात दिला. रोज सकाळी तळवा बघायचा, रंग बदलला तर त्याच दिवशी निघायचं. हिराबायने आरसा पदराला पुसून कमरेच्या पिशवीत ठेवला.

तिच्याकडे मोबाईल होता, पण साधा. तिला वाचता येत नव्हतं. मी मुलाचा नंबर टाकला.

तिसऱ्या दिवशी एक आला. सातव्या दिवशी एक आला. आठव्या दिवशी दुपारी सिस्टर हात पुसत माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, आज कासूला उतरावं म्हणते, हिराबायचा पाय बघून येते. गणपती चार-पाच दिवसांवर आले होते. पेणमध्ये त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, गावोगावची माणसं मूर्ती न्यायला आलेली, सगळ्या रस्त्यांवर टेंपो. दवाखाना मात्र रिकामा होण्याऐवजी भरलेला, कारण ज्यांना सणाआधी घरी जायचं ते सगळे घाईवर आलेले. दुसऱ्या सिस्टर रजेवर. मी कंप्युटर त्यांच्याकडे वळवला आणि म्हटलं, "सिस्टर, बघा. दोन्ही वेळा हिरवी आहे. उगाच कशाला त्रास घेता? लाल झाली की मीच सांगेन तुम्हाला."

सिस्टर त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्याकडं लिहिलंय म्हणतेस?" मी म्हटलं, लिहिलंय. त्या वॉर्डमध्ये परत गेल्या.

त्यानंतर चार दिवसांनी, गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी, दिनेश सुट्टी घेऊन पेणला उतरला, मूर्ती घेतली आणि गावाला गेला. दार उघडलं तेव्हा घरात वास होता. त्याला आधी वाटलं, उंदीर मेला असेल. मूर्ती ओट्यावरच ठेवून त्याने फळीमागे, चुलीमागे शोधलं. आई भिंतीला टेकून बसली होती, पायावर गोधडी होती, आणि ती त्याला सांगत होती की आधी देवाला घरात घे, बाहेर नको ठेवू. गोधडी त्याने काढली. मूर्ती चुलत्याच्या घरी पोचवून तो तिला टेंपोत घालून संध्याकाळी आमच्याकडे घेऊन आला. पाऊल काळं, वर पोटरीपर्यंत सूज आणि तापाने ती फणफणलेली. डॉक्टरांनी मुंबईला हलवायची खटपट केली, पण ती हलवण्याच्या पलीकडे गेली होती. विष रक्तात गेलं होतं.

दिनेशला मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझ्याच्याने राहवेना. तो म्हणाला, मेसेज आला की मी टिफिनच्या सुट्टीत आईला फोन लावायचो. बरी हायेस का विचारायचो. ती बरी हाय म्हणायची. मग मी एक दाबायचो. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मी खोटं नाय दाबलं ताई. दोन्ही टायमाला विचारून दाबलं."

आणि हिराबाय तरी कुठे खोटं बोलली होती? तिला दुखतच नव्हतं. वास आला तेव्हा तिला कळलं असणार. शेजारणीने विचारलं तर तिने सांगितलं होतं, पोराला कळवू नका, त्याचा खाडा झाला तर ठेकेदार दुसरा माणूस घेईल. गणपतीला येतोच आहे तो, तेव्हा बघू.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डमध्ये केसपेपर द्यायला गेले होते. हिराबाय शुद्धीत नव्हती. सिस्टर तिच्या कपाळावरची घडी बदलत होत्या. दिनेश स्टुलावर बसला होता. अकरा वाजले आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने काढून पाहिला. मग फोन आमच्या दोघींपुढे धरून अगदी साधेपणाने विचारलं, "याला काय पाठवू?"

नमस्कार. आपली तब्येत कशी आहे? चौदावा दिवस होता. मीच नंबर टाकला होता, मीच तारीख टाकली होती, आणि तिला पुन्हा दाखल केल्यावर तो मेसेज थांबवायचा असतो हे मला सुचलं नव्हतं.

सिस्टरनी त्याच्या हातातून फोन घेतला, दोन दाबलं आणि परत त्याच्या हातात दिला. मी खाली टेबलाशी आले तेव्हा हिराबायची ओळ लाल झाली होती. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

सिस्टरनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी वाट पाहत होते. आठवड्याने दिनेश कागद न्यायला आला तेव्हा त्याने एक पुडकं सिस्टरना दिलं. आत तो आरसा होता. आईने वापरला नाय, म्हणाला, देवाच्या कोनाड्यात ठेवला होता. शेजारणीला म्हणाली होती, बाईंनी हातातली वस्तू दिली, ती पायाला कशी दावायची? आरशाच्या कडेला हळदीकुंकवाचं बोट लागलेलं होतं. सिस्टरनी तो घेतला, माझ्या टेबलावर आणून कंप्युटरला टेकवून ठेवला. मी रडायला लागले. म्हटलं, सिस्टर, मी तुम्हाला थांबवलं नसतं तर. त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "तू विचारलंस, तिनं सांगितलं. तुला काय माहीत? मला माहीत होतं ती काय सांगणार. मला माहीत असून मी तुझी हिरवी ओळ बघून माघारी फिरले. मला बी बरंच वाटलं गो त्या दिवशी. पाय दुखत होते माझे, वाटलं, चला, आज उतरायला नको."

पाय दुखत होते माझे. हे वाक्य मी ऐकलं. ऐकलं आणि सोडून दिलं. त्या वेळी मला माझ्या अपराधापलीकडे काही दिसत नव्हतं.

नंतर त्या पुन्हा कासूला उतरू लागल्या. डॉक्टरांना विचारलं नाही, ड्यूटी पूर्ण करून स्वतःच्या वेळात. मीही मजकूर बदलायचा हट्ट धरला. डॉक्टर लगेच हो म्हणाले, तेही आतून हलले होते. पायाच्या पेशंटसाठी नवा मजकूर सिस्टरनी सांगितला आणि मी लिहिला: तळपायाचा फोटो पाठवा, पाठवता येत नसेल तर नुसता मिस्डकॉल द्या, आम्ही फोन करू. मिस्डकॉल पुष्कळ यायचे. मग सिस्टर माझ्या शेजारी बसून फोन लावायच्या आणि कधीही कसं काय विचारायच्या नाहीत. सकाळी काय जेवलास? कुठवर चाललास? चप्पल कुठली घातलीस, कालची का दुसरी? चप्पल का बदललीस? शेवटच्या प्रश्नाला पलीकडे कुणी अडखळलं की पाय सुजलाय हे ओळखून त्या माझ्याकडे बघून मान हलवायच्या, आणि मी ते नाव लिहून घ्यायचे. त्या वर्षी मी त्यांच्याकडून जे शिकले ते मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं.

त्याच वर्षात त्यांनी स्वतःची चप्पल बदलली होती. आधी पट्ट्याची काळी सँडल असायची. मग रबरी स्लिपर आल्या, मग पुरुषी मापाच्या स्लिपर. मी रोज पाहत होते. चप्पल का बदललीस, हा प्रश्न रोज त्यांच्या तोंडून ऐकत होते. आणि एकदाही त्यांना विचारला नाही. आपल्याला ज्या माणसाने शिकवलं ते माणूस आजारी पडू शकतं हे डोक्यात येत नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं की मी त्यांना रोज सकाळी विचारायचे, सिस्टर, कशा आहात, आणि त्या म्हणायच्या, बरी हाय.

उन्हाळ्यात त्यांनी रजा घेतली. भावाच्या घरी काहीतरी काम आहे म्हणाल्या. रजा वाढली. मी व्हॉट्सॲपवर विचारायचे, कशा आहात? उत्तर यायचं, बरी आहे, काळजी नको, आरशावरची धूळ पुसत जा. असे पाच-सहा मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहेत. प्रत्येक वेळी मी ते वाचून निश्चिंत होऊन कामाला लागले. मला हे लिहिताना माझी लाज वाटते. पण झालं तसं झालं, आणि ते लपवून सिस्टरांचं चित्र काढता येणार नाही.

मला जागं केलं ते दिनेशने. तो बायकोला दाखवायला पेणला आला होता. जाताना माझ्या टेबलाशी थांबला. आरशाकडे पाहिलं. म्हणाला, ताई, मोकल सिस्टर मला रोह्याच्या बाजारात दिसल्या. चार पावलं चालायच्या आणि कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर बसायच्या. मी जवळ गेलो, विचारलं. "बरी हाय म्हणाल्या. म्हणून म्हटलं, तुम्ही जाऊन या."

मी त्याच दुपारची गाडी पकडली. वाटेत कासू आलं. इतकी वर्षं हे नाव मी टाइप केलं होतं, त्या फलाटावर कधी उतरले नव्हते. फलाटावर एक सिमेंटचं बाकडं होतं. गाडी सुटेपर्यंत मी त्या बाकड्याकडे पाहत होते.

भावाची बायको दार उघडून म्हणाली, बरं झालं आलात, कुणाचं ऐकत नाहीत. पुढच्या खोलीत खिडकीशी सिस्टर उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, पण हसल्या तेव्हा त्याच होत्या. बाहेर ऊन रणरणत होतं, पंखा गरम हवा फिरवत होता, आणि त्यांच्या कमरेपासून खाली जाड चादर होती. मला म्हणाल्या, एवढ्या उन्हाची कशाला आलीस, मी बरी हाय गो.

मी खुर्चीवर बसले नाही. पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आधी पाय दाखवा."

खिडकीबाहेर पाहत त्या म्हणाल्या, साखर मला बारा वर्षं हाय, गेल्या साली मूत्रपिंडावर गेली. मी विचारलं, सांगितलं का नाहीत? म्हणाल्या, सांगितलं असतं तर डॉक्टरांनी घरी बसवलं असतं, मग कासूला कोण उतरलं असतं? हिराबायने शेजारणीला हेच तर सांगितलं होतं, फक्त कारण वेगळं. मला त्यांचा संताप आला, माझा त्याहून जास्त आला.

त्यानंतर त्या सव्वीस दिवस होत्या. डॉक्टर स्वतः गाडी घेऊन आले, अलिबागला नेलं, मुंबईला नेलं, डायलिसिस सुरू झालं. फार उशीर झाला होता हे त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत होतं. मी जमेल तेव्हा जात राहिले. पण सिस्टर म्हटलं की मला तो सव्वीस दिवसांचा दवाखाना आठवत नाही, ती रोह्याची दुपारच आठवते.

मी चादर वर केली. पाय ओळखू येत नव्हते. पाण्याने भरलेले, कातडी ताणून चकाकत होती, बोटांच्या मधल्या फटी बुजून गेल्या होत्या. किती लोकांचे पाय त्यांनी मांडीवर घेतले असतील, आणि त्यांचे पाय बघायला मला वर्ष लागलं. मी पलंगावर बसून त्यांचा पाय माझ्या मांडीवर घेतला. त्यांनी ओढून घेतला नाही. थोड्या वेळाने वॉर्डमध्ये सांगायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "नुसती बघत काय बसलीस? घोट्याच्या वर अंगठा दाब. जोरात. आता काढ, आणि खळगा भरायला किती टाइम लागतो ते घड्याळात बघ. जितका उशीर तितकं पाणी जास्त. पेपरवर लिहायला लागतं ते."

मी अंगठा दाबला, काढला आणि घड्याळाकडे पाहू लागले. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. सेकंदकाटा एक फेरा पूर्ण करून पुढे गेला, तरी खळगा भरला नव्हता.